बाहुलीचा चौरंग

सावंतवाडीच्या चितारआळीचा विषय निघाला की आपण गंजिफांवर येतो. १९७०च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्या कलेला जीवदान दिले, हे खरेच. पण तिथलीच भातुकली अभ्यासाबाहेर का राहावी? बाहुलीच्या चौरंगाचा पाय ही थोरल्या पायाची नक्कल नव्हे. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. हा थर वस्तूच्या प्रमाणात पातळ होत नाही. बारीक खाचा तो बुजवतो. म्हणून कारागीर मोजक्याच खाचा ठेवतो, त्या अंमळ खोल घेतो. आपल्या परिभाषेत हा संक्षेप. (कवितेत असता तर प्रबंध झाले असते!) शिवाय पांगारा मऊ, हत्यार बोथट झाले की लाकूड कापले न जाता तंतू उपसतात.