वार्धक्यातील हातांवरील ठळक शिरा

वाढत्या वयाबरोबर मळहातावरील शिरा (नीला) अधिक उठून दिसू लागतात. हा बहुतांशी त्वचा व तिच्याखालील ऊतींतील बदलांचा परिणाम असून सहसा तो रोग मानला जात नाही.

रचना

मळहातावर त्वचेलगत शिरांचे जाळे असते. त्यातून अंगठ्याच्या बाजूने सेफॅलिक, तर करंगळीच्या बाजूने बॅसिलिक शीर निघते. या शिरांतील झडपा रक्ताला उलट वाहू देत नाहीत. विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाताच्या फुगलेल्या शिरा बोटाने दाबून हेच दाखवले होते. शिरा निळसर दिसत असल्या तरी त्यांतील रक्त गडद लाल असते.

कारणे

मळहातावर मुळातच चरबी कमी असते. वयपरत्वे तीही घटते आणि शिरा झाकणारा थर उरत नाही. त्याच काळात कोलॅजन व इलॅस्टिन हे तंतू कमी होऊन त्वचा पातळ व सैल पडते. वर्षानुवर्षे ऊन लागलेल्या हातांवर हा बदल अधिक जाणवतो, कारण अतिनील किरण हे तंतू नष्ट करतात. शिरांच्या भिंतींची लवचिकताही घटते. उष्ण हवा, व्यायाम किंवा हात खाली लोंबकळत ठेवणे यांमुळे शिरा कोणत्याही वयात तात्पुरत्या फुगतात; कृश व्यक्तींमध्ये त्या तरुणपणीही दिसतात.

वैद्यकीय बाजू

ठळक शीर म्हणजे सुई टोचण्यास सोपी शीर, असे नाही. वृद्धांमध्ये भोवतालच्या ऊतींचा आधार सुटल्याने ती सुईखालून सरकते व सहज फुटते. निव्वळ सौंदर्यासाठी अशा शिरा बंद करण्याचा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा लागतो: सलाईन देण्यास त्याच उपयोगी पडतात. मूत्रपिंडाच्या रुग्णात डायलिसिससाठी बहुधा सेफॅलिक शीर मनगटाजवळ धमनीस जोडतात, म्हणून अशा रुग्णांत हाताच्या शिरा जपल्या जातात. त्वचेखाली पूरक द्रव्य टोचून शिरा झाकण्याचा पर्यायही आहे. त्याचा परिणाम कायम टिकत नाही.

हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलल्यास निरोगी व्यक्तीच्या शिरा रिकाम्या होतात. तसे न झाल्यास, शीर दोरीसारखी कडक, लाल वा दुखरी झाल्यास, अथवा एकच हात अचानक सुजल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.