निनवे : एक नगर, दोन निकाल

बायबलच्या जुन्या करारात शेवटी बारा संदेष्ट्यांची छोटी पुस्तके एकापाठोपाठ एक येतात. त्यांपैकी योना आणि नहूम ही दोन पुस्तके एकाच परक्या नगराविषयी आहेत. ते नगर म्हणजे अश्शूरचे निनवे. योनाच्या पुस्तकात निनवेला क्षमा मिळते. नहूमच्या पुस्तकात त्याच निनवेच्या विनाशाचा जयघोष ऐकू येतो. दोहोंच्या मध्ये केवळ मीखाचे पुस्तक आहे. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. तरीही त्यांनी एक ठेवून दुसरे गाळले नाही. दुष्टाई, न्याय आणि दया यांविषयीचा बायबली विचार समजून घ्यायचा असेल, तर तो एखाद्या सुटसुटीत सूत्रात शोधण्यापेक्षा या दोन पुस्तकांमधील ताणात शोधावा, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

योना आपल्याला बहुधा माशाच्या पोटातील माणूस म्हणून ठाऊक असतो. वास्तविक अठ्ठेचाळीस वचनांच्या या पुस्तकात मासा फक्त तीन वचनांत येतो. पुस्तकाचा खरा विषय निनवे आहे आणि निनवे म्हणजे काय, हे मूळ वाचकांना सांगावे लागत नव्हते. आपल्याला मात्र ते इतिहासातून जाणून घ्यावे लागते.

अश्शूरी राजांनी स्वतःच्या क्रौर्याची नोंद लपवली नाही. ती दगडावर कोरून ठेवली. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला दुसरा अशुर-नासिर-पाल आपल्या शिलालेखांत बंडखोरांची कातडी सोलल्याचे अभिमानाने सांगतो. इ. स. पू. 722 च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएलचे राज्य अश्शूरने बुडवले आणि तेथील लोकांना दूरदेशी नेऊन वसवले. इ. स. पू. 701 मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातील लाखीश हे तटबंदीचे शहर जिंकले. त्या विजयाची शिल्पचित्रे त्याने निनवे येथील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरवून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑस्टिन हेन्री लेयर्ड याने केलेल्या उत्खननात ती सापडली आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेले कैदी, जमिनीवर ताणून धरून कातडी सोलली जाणारी माणसे आणि बैलगाडीत सामान लादून निघालेली निर्वासित कुटुंबे, लहान मुलांसह, हे सारे तेथे दिसते. राजवाड्यात येणाऱ्या परकीय दूतांनी ते पाहावे आणि धडा घ्यावा, हा त्यामागचा हेतू असावा. दुष्टाई येथे भावनेच्या भरात घडलेली नाही. ती राज्य चालवण्याची रीत आहे.

या पार्श्वभूमीवर नहूम वाचला की त्याचा आवेश अनाठायी वाटत नाही. इ. स. पू. 663 मध्ये अश्शूरने इजिप्तमधील थीब्ज लुटले, त्याचा उल्लेख नहूम करतो. म्हणजे त्याची रचना त्यानंतरची. इ. स. पू. 612 मध्ये बाबेली आणि मेदी सैन्यांनी निनवे उद्ध्वस्त केले. नहूमची कविता चाबकांचा आवाज, चाकांचा खडखडाट, भाल्यांची चमक आणि प्रेतांचे ढीग अशा तुटक प्रतिमांनी भरलेली आहे. अनेक वाचकांना ती सूडाची कविता वाटते. पण ज्याचे घर जळले त्याला सूडभावनेविषयी उपदेश करणे सोपे असते, हे विसरता कामा नये. नहूम या नावाचा संबंध हिब्रूतील सांत्वन या अर्थाच्या धातूशी आहे. जगात जुलमाचा हिशेब कोठे तरी होतो, एवढेच पीडिताचे सांत्वन त्याच्या कवितेत आहे. आणि ते लहान नाही. ज्या ईश्वराला अन्यायाचा राग येत नाही तो ईश्वर दुबळ्यांच्या काय कामाचा, हा प्रश्न बायबल गांभीर्याने घेते.

आता योना. 'राजे' या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात अमित्तयपुत्र योनाचा एक त्रोटक उल्लेख आहे. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याने राज्याच्या जुन्या सीमा परत मिळवल्या, त्या योनाच्या भाकिताप्रमाणे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे हा संदेष्टा आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला आणि स्वराज्याच्या वैभवाचा उद्गाता. त्याच्या नावावरचे पुस्तक मात्र पुष्कळ नंतरचे, बहुतेक अभ्यासकांच्या मते बाबेलच्या बंदिवासानंतरचे आहे. योनाच्या काळी निनवे अद्याप साम्राज्याची राजधानी झाले नव्हते. ते स्थान त्याला सन्हेरीबाने दिले. नगर ओलांडायला तीन दिवस लागतात हे वर्णनही उत्खननातील सुमारे बारा किलोमीटरच्या तटबंदीशी जुळत नाही. हे पुस्तक इतिवृत्त म्हणून नव्हे, तर बोधकथा म्हणून वाचावे असे त्यामुळेच अनेकांना वाटते.

परंतु या बोधकथेने आपला नायक कोणत्या काळातून निवडला, हे लक्षणीय आहे. कथेतल्या योनाला निनवेकडे जाऊन त्याच्या दुष्टाईविरुद्ध घोषणा करण्याची आज्ञा होते. तो उलट दिशेने, तर्शीशच्या जहाजात बसून पळतो. वादळ, मासा आणि किनारा यांनंतर तो अखेर निनवेत जाऊन चाळीस दिवसांची मुदत जाहीर करतो. मूळ हिब्रूत ती घोषणा अवघ्या पाच शब्दांची आहे. नगर पश्चात्ताप करते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसांबरोबर गुरेढोरेही गोणताट पांघरतात. राजाच्या फर्मानात प्रत्येकाने आपल्या हातातला जुलूम सोडावा असे स्पष्ट सांगितले आहे. नगर वाचते आणि योना संतापतो.

मूळ वाचकाला येथे एक गोष्ट माहीत आहे, जी कथेतल्या कोणालाच माहीत नाही. यराबामाच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांत अश्शूरचे सैन्य योनाचा देश नकाशावरून पुसून टाकणार आहे. योनाने वाचवलेले नगर त्याच्या नातवंडांचे मारेकरी होणार आहे. लेखकाला हा प्रश्न सोपा करायचा असता, तर त्याने दुसरा एखादा संदेष्टा आणि दुसरे एखादे नगर निवडले असते. त्याने दयेची किंमत सर्वांत जास्त जेथे पडेल तेथेच कथा नेली. त्यामुळे योना हा कोत्या मनाचा माणूस आणि म्हणून हास्यास्पद, ही नेहमीची समजूत अपुरी ठरते. अशी समजूत काही काळ ख्रिस्ती व्याख्यानांत यहुदी लोकांविरुद्धही वापरली गेली, आणि तो अन्यायच होता. हे पुस्तक लिहिणाराही यहुदीच होता आणि त्याने तो प्रश्न प्रथम आपल्याच लोकांना विचारला होता.

लेखकाची शब्दयोजना पाहिली म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. हिब्रूतील 'राआ' हा एक शब्द तो वेगवेगळ्या अर्थांनी फिरवतो. निनवेची दुष्टाई म्हणजे राआ. ईश्वराने योजलेले अरिष्ट म्हणजेही राआ. नगर वाचल्यावर योनाला जे वाटते, तेथेही मोठी राआ. मराठी वाचकाला हा खेळ कळायला अडचण पडू नये. वाईट वागणे, वाईट होणे आणि वाईट वाटणे हे सारे आपणही एकाच विशेषणावर चालवतो. लोकांनी आपली राआ सोडली, ईश्वराने आपली राआ सोडली, आणि ती शेवटी योनाच्या मनात येऊन बसली. दुष्टाईची ही वाट लेखकाने कोणताही शेरा न मारता दाखवली आहे. नहूमच्या शेवटच्या वचनातही हाच शब्द आहे. निनवेची अखंड राआ ज्याला भोगावी लागली नाही असा कोण आहे, असे तो विचारतो.

योनाचा संतापही विचारपूर्वक ऐकायला हवा. तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होते म्हणूनच मी पळालो, असे तो ईश्वराला सांगतो. हे सांगताना तो एका जुन्या ईश्वरवर्णनाचा आधार घेतो. ते निर्गम ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात, सोन्याच्या वासराच्या प्रसंगानंतर येते. त्या वर्णनाचे दोन भाग आहेत. पहिल्यात ईश्वर करुणामय, मंदक्रोध आणि क्षमाशील आहे. दुसऱ्यात तो अपराध्याला निर्दोष सोडत नाही. योना पहिला भाग म्हणतो आणि थांबतो. नहूम आपल्या पुस्तकाच्या आरंभी याच वर्णनाकडे वळतो, पण करुणेचे शब्द टाळून दुसऱ्या भागावर जोर देतो. म्हणजे दोघेही एकाच श्रद्धावचनाचे भाष्यकार आहेत. एकाला त्यातली दया सलते, दुसऱ्याला त्यातला न्याय तारतो. तेथील करुणावाचक हिब्रू शब्दाचा 'र-ह-म' हा धातू गर्भाशय या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. त्याच सेमिटिक कुळातून अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे 'रहम' आला. न्यायाधीशाने दाखवलेली सवलत, एवढाच या दयेचा अर्थ नाही. जन्म देणारीला जे वाटते, ते तिच्या मुळाशी आहे.

शेवटच्या प्रसंगात योना नगराबाहेर बसून त्याचे काय होते ते पाहत असतो. त्याच्या डोक्यावर एक रोप वाढते. एका रात्रीत वाढलेले ते रोप दुसऱ्या दिवशी कीड लागून वाळते आणि योना मरण मागतो. हे रोप कोणते, यावरून पुढे वाद झाला. जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात भोपळ्याच्या वेलाऐवजी आयव्ही लिहिली, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील एका मंडळीत गोंधळ उडाल्याचे ऑगस्टिनने त्याला पत्राने कळवले. रोपासाठी माणसे किती हळवी होतात, याचा हा अनपेक्षित पुरावाच होय. ईश्वराचा युक्तिवाद नेमका तेथूनच सुरू होतो. न लावलेल्या, न वाढवलेल्या रोपाचा तुला कळवळा येतो. तर उजवा-डावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा आणि इतक्या जनावरांचा मला येऊ नये काय? पुस्तक येथेच, या प्रश्नावर संपते. नहूमही प्रश्नावरच संपतो. एकाच नगराविषयीची ही दोन्ही पुस्तके प्रश्नचिन्हापाशी थांबतात.

योनाचे उत्तर लेखक देत नाही. दिले असते तर ते पीडितांच्या वतीने परस्पर दिलेले उत्तर ठरले असते.

नव्या करारात येशू निनवेचा दाखला देतो तो दुसऱ्याच अंगाने. न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उभे राहून या पिढीला दोषी ठरवतील, कारण त्यांनी पश्चात्ताप केला, असे तो मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत म्हणतो. क्षमा मिळालेले येथे साक्षीदार झाले आहेत. न्यायालय मात्र बरखास्त झालेले नाही. दया म्हणजे न्यायाची सुट्टी, असा अर्थ येथे काढता येत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ हा तर योनाचाच वारसदार. अंगणात रागावून उभ्या असलेल्या त्या भावाने पुढे काय केले, हेही आपल्याला सांगितलेले नाही.

योनाचे पुस्तक यहुदी लोक योम किप्पूरच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वाचतात. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजात हा दिवस दारफाळणीचा सण म्हणून ओळखला जात असे. दारे बंद होण्यापूर्वी हे वाचन व्हावे यात औचित्य आहे. ख्रिस्ती परंपरेत सुरियानी मंडळ्या, केरळातल्यासुद्धा, लेंटपूर्वी निनवेचा तीन दिवसांचा उपवास पाळतात. त्यांपैकी इराकमधील अश्शूरी ख्रिस्ती स्वतःला त्याच प्राचीन अश्शूरींचे वंशज मानतात. उपवासात ते योनाच्या जागी बसत नाहीत, निनवेकरांच्या जागी बसतात.

निनवेचे अवशेष आजच्या मोसुल शहरात आहेत. तेथील एका टेकाडावर योनाची कबर मानली जाणारी नबी युनूस मशीद होती. 24 जुलै 2014 रोजी इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ती सुरुंग लावून उडवली. त्याच महिन्यात मोसुलमधील ख्रिस्ती कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि पुढच्या महिन्यात निनवेच्या मैदानातील गावेही ओस पडली. ज्या नगराला क्षमा मिळाल्याची आठवण ही माणसे शतकानुशतके उपवासाने जपत होती, त्याच नगरातून त्यांना लाखीशच्या शिल्पांतल्या कुटुंबांप्रमाणे जेवढे नेता येईल तेवढे घेऊन निघावे लागले. त्यांना योनाचे पुस्तक वाचून दाखवणाऱ्याने नहूमचे पानही उघडे ठेवले पाहिजे. आणि नहूम वाचून झाल्यावर, वाचणाऱ्याचा आवाज स्थिर झाला की, योनापुढे ठेवलेला तो प्रश्न त्यांच्याच मुखातून येईपर्यंत थांबले पाहिजे.