सोन्याच्या विटा मोजल्या, हमाल राहिले

गोवंडीत १४ एप्रिलला दुसऱ्या कशाची आठवण काढायला कुणाला उसंत नसते. गल्लोगल्ली निळे झेंडे, रात्री बाराला फटाके, दिवसभर मिरवणुका आणि सरबताचे मंडप. आमची आजीही जयंतीला नवं लुगडं नेसायची, पण फटाक्याच्या पहिल्या आवाजाला कानांवर हात घ्यायची. “एक जयंती आमची जळाली,” एवढंच म्हणायची. ते साल १९४४. वार शुक्रवार. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, आणि आमचे आजोबा गोदीत मजूर होते.

गोदीत होते म्हणजे नोकरीत होते असं नव्हे. टोळीवाला सकाळी माणसं उचलायचा, संध्याकाळी आपला वाटा कापून मजुरी हातावर ठेवायचा. आज काम, उद्या नाही. आजोबांचं नाव टोळीवाल्याच्या डोक्यात असे, कागदावर नसे. बिऱ्हाड दाणाबंदराकडे, एका खोलीत गावाकडची आठ-दहा माणसं. त्या दिवशी टोळी आधीच भरली म्हणून आजोबांना परत लावलं. त्यांच्याच गावचे दोघे जण आत गेले. आजोबा दिवसभर टोळीवाल्याला शिव्या देत बसले होते, असं आजी सांगायची.

ज्या जहाजाने ती जयंती जाळली, त्याचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’. कॅनडात बांधलेलं, सात हजार टनांचं. फेब्रुवारीत इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, पेट्यांत भरलेली लढाऊ विमानं, आणि ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा. कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गासड्या आणि तेलाची पिंपं चढवली. कापूस आणि दारूगोळा एकाच दोन नंबरच्या खणात रचला. एरवी असलं जहाज गोदीत घेत नसत. बाहेर समुद्रात उभं करून माल बार्जमध्ये उतरवायचा नियम होता. लढाईच्या घाईत तो गुंडाळून ठेवला होता. दारूगोळ्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही डोलकाठीवर नव्हता. हे मला अजून पटत नाही. शेजारच्या धक्क्यावर पोती उचलणाऱ्या माणसाला निदान तेवढं तरी दिसायला हवं होतं.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला आजूबाजूच्या काही जणांना धूर दिसला होता. खुद्द जहाजावर बोंब झाली ती दोन वाजून गेल्यावर. बंब आले, नऊशे टन पाणी ओतलं, पण कापूस आतून धुमसतच राहिला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. ‘जलपद्मा’ नावाचं जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. बारा-बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. हजार मैलांवर शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

आजी तेव्हा नळावर होती. आभाळातून पेटता कापूस पडत होता, लोखंडाचे तुकडे पडत होते, आणि सगळे एकच ओरडत होते, जपानी आले! ती हे जपान्यांचं प्रकरण पुढे कित्येक वर्षं खरं मानत होती. तिचंही चुकत नव्हतं. सरकारने बातमी दाबली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिना उजाडावा लागला. तोवर मशीद बंदर, मांडवी, वाडीबंदर इथल्या माणसांनी एकमेकांना सांगितलं तेच वर्तमान.

आग विझायला तीन दिवस लागले. सुमारे ऐंशी हजार लोक उघड्यावर आले, त्यांत आमचं बिऱ्हाड. डोक्यावर वळकटी घेऊन ही मंडळी शीव, चुनाभट्टी करत चालत गोवंडीला एका नातलगाकडे आली. गोवंडी तेव्हा मुंबईत धरतच नसत. गावठाण, मिठागरं, खाडी आणि देवनारला शहराचा कचरा टाकायची जागा, बस्स. गावठाणातल्या एक म्हाताऱ्या काकू सांगायच्या, इथेही भांडी फळीवरून खाली आली होती. त्या आजोबांना सोन्याबद्दल हमखास विचारायच्या. स्फोटात विटा उडून दूरवर पडल्या होत्या. एक तर एका पारशी गृहस्थाच्या घरात छपरातून येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. गोवंडीत मात्र सोनं उडताना पाहिलेली माणसं पुष्कळ भेटली, सापडलेला एकही नाही.

त्या विटांचा माग सरकारने सोडला नाही. गाळ उपसता उपसता त्या सापडत राहिल्या. अगदी २०११ सालीही सापडल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची नावं आहेत, स्मारक आहे, आणि देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो. हे योग्यच आहे. बाकी मेलेले किती? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. हा पाचशेचा फरक कुठून आला ते आजोबांना ठाऊक होतं. त्यांच्या गावचे ते दोघे परत आले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना विचारलं गेलं, ते कामाला होते याचा पुरावा काय?

गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली आला. माथाडी कायदा १९६९ साली. आजोबांचं नाव पुढे वहीत चढलं, त्यांना बिल्ला मिळाला, तो ते सणाला घासून ठेवत.

गोवंडी, मानखुर्द, शिवडी, माझगाव इथल्या ज्या घरांत गोदीतलं कुणी त्या दिवशी गेलं, त्यांनी नाव, गाव आणि टोळीवाला आठवत असेल तर तोही, एका कागदावर लिहून काढावं. आणि बंदर प्रशासनाने ते कागद घ्यावेत. पुरावा मागू नये.