स्वर्ग नको, माहेर हवं

आजचा प्रश्न मोठा आहे, पण भाग छोटाच ठेवतोय. माणसाचं खरं घर कुठलं? आणि तिथे जायची तयारी कशी करायची? मी आज याचं वारकरी संतांनी दिलेलं उत्तर सांगणार आहे, कारण ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे स्वर्गाला ते घर मानतच नव्हते. गीतेचा नववा अध्याय सांगतो की पुण्य संपलं की माणूस स्वर्गातून परत मृत्युलोकात येतो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली त्यावर लिहिलं तेव्हा उपमा चांगलीच बोचरी दिली: गाठीचा पैसा संपला की गणिका दारातही उभं करत नाही, तसं. आपल्या भाषेत प्रीपेड रिचार्ज म्हणा. बॅलन्स संपला की जिथून बाहेर काढतात, त्याला घर कसं म्हणायचं?

मग घर कुठलं? त्यासाठीचा शब्द संतांना बायकांच्या आयुष्यात सापडला: माहेर. तुकारामांना गुरू मानणाऱ्या शेऊरच्या संत बहिणाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. अशा मुलींसाठी माहेर म्हणजे काय असेल, विचार करा. जिथे कामाचा हिशेब कोणी मागत नाही, पुण्याचाही नाही. एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटलं. विठ्ठल तर माउलीच. चांगले बाप्ये लोक सासुरवाशिणीच्या तोंडून बोलू लागले!

आता प्रार्थना. सासुरवाशीण माहेरची आठवण कधी काढायची? पहाटे जात्यावर बसून, दळता दळता, ओव्या गात. काम थांबवून नाही. नामस्मरणही तसंच आहे, हात कामात आणि ओठांवर नाव. ती देवाला दिलेली लाच नव्हे. घरच्यांशी बोलणं तुटू नये, एवढाच त्यातला हेतू. पोचल्यावर आपण तिथे परके ठरू नये म्हणून.

पण थांबा. तुम्ही म्हणाल, ही पळवाट झाली. घर वर आहे म्हटलं की इथल्या दुःखाकडे बघायलाच नको!

हा आक्षेप खरा आहे, म्हणून देहूकडे जाऊ. १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ. तुकारामांची पहिली बायको रखमाबाई त्यात गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. घरात पिढीजात सावकारी होती, लोकांकडून येणं बाकी होतं. परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. वैकुंठाला आपलं गाव म्हणणारा माणूस हाच. मला वाटतं, या दोन गोष्टींचा संबंध आहे. हे आपलं कायमचं घर नाही हे मनापासून पटलं की दुसऱ्याच्या घरावरचा ताबा सोडता येतो.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला ते वैकुंठाला गेले असं वारकरी मानतात. तीच तुकाराम बीज. नेमकं काय घडलं यावर आजही वाद होतात. पण गाथेत निरोपाचे अभंग आहेत, आणि दुसरीकडे चक्क मोक्ष नाकारणारेही. संतांची सोबत आणि देवाची आठवण मिळणार असेल तर पुन्हा जन्माला यायचीही त्यांची तयारी आहे. म्हणजे घर ही जागा उरलीच नाही, ती माणसं झाली.

त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज वडिलांच्या पश्चात जन्मले. ज्या बापाला कधी पाहिलं नाही, त्याच्या पादुका पालखीत ठेवून ते १६८५ च्या सुमारास पंढरीला निघाले. ती वाट अजून चालू आहे, दर आषाढीला.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर सोडून राहणारे तुमच्यात बरेच असतील. घरची ओढ काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या ओळखीत कोणी वारी करणारं असेल तर त्यांना एकदा विचारा, पंढरीला पोचल्यावर नेमकं काय वाटतं. उत्तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!