नाताळ

‘नाताळ’ हा शब्द इंग्रजांचा नव्हे. त्यांचा तो ‘ख्रिसमस’. हा पोर्तुगीज ‘नाताल’, मुळात लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. पुण्यात तो गोऱ्या छावणीबरोबर आला, असं कुणी म्हणेल. पण छावणीने ‘ख्रिसमस’च आणला असता. शिवाय क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा मिळाली १७९२ साली, सवाई माधवरावांच्या अमदानीत, पेशव्यांच्या पदरच्या कॅथलिक शिपायांसाठी. इंग्रजी अंमल १८१८चा. गंमत पुढेच आहे. प्राचीन चर्च हुतात्म्याच्या मृत्युदिनालाही ‘नातालिस’च म्हणे: स्वर्गातला जन्म. मग पाळण्यातल्या जन्माचं एवढं कौतुक कशाला? कारण देवाने खरोखर मानवी देह धरला, ही श्रद्धा. बाकी संतांचे सण बहुधा मृत्युदिनीच. ऐहिक जन्माचे सण कॅथलिक पंचांगात तिघांचेच: येशू, मरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान.