ई. एस. टी. या स्वीडिश जॅझ-त्रयीचे संगीत आणि साचेबंदपणाचा आक्षेप

कलावंताची शैली एकदा स्थिर झाली म्हणजे तिच्याविषयी दोन परस्परविरोधी मते प्रचारात येतात. एका पक्षाला त्या स्थैर्यात परिपक्वता दिसते; दुसऱ्याला त्याच स्थैर्यात निर्मितिशक्तीच्या ऱ्हासाची चाहूल लागते. जॅझसंगीताच्या बाबतीत हा वाद अधिक तीव्र स्वरूप धारण करतो. कारण उपज, म्हणजे त्या त्या क्षणी होणारी नवनिर्मिती, हे या संगीताचे जीवित मानले जाते. ज्या संगीताने पुढील क्षणी काय घडेल हे सांगू नये, तेच संगीत अगोदर ओळखता येऊ लागले, तर रसिकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. एस्बियॉर्न स्वेन्सन या स्वीडिश पियानोवादकाच्या त्रयीविषयी, म्हणजे ‘ई. एस. टी.’ या नावाने विख्यात झालेल्या समूहाविषयी, इसवी सनाच्या एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असाच वाद रसिकांमध्ये उत्पन्न झाला. आक्षेप घेणारे आणि त्याचे निराकरण करणारे असे दोघेही मुळात या त्रयीचे चाहतेच होते, ही या वादातील लक्षणीय गोष्ट होय. त्यामुळे त्यास केवळ अभिरुचीतील भेद म्हणून बाजूला सारता येत नाही.

या आक्षेपाचे परीक्षण करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. साच्यावाचून जॅझ कधीच नव्हता. बारा मात्राखंडांचा ‘ब्लूज’ आणि बत्तीस मात्राखंडांचे लोकप्रिय गीत हे दोन आराखडे या संगीताने दीर्घकाळ आधारभूत मानले. आरंभी मूळ धून, नंतर एकेका वादकाचा विस्तार आणि अखेरीस पुन्हा मूळ धून, हा क्रमही एक साचाच होता. इतकेच नव्हे, तर उपजेचा मेरुमणी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, त्या चार्ली पार्करच्या वादनाचा टॉमस ओवेन्स यांनी १९७४ साली सादर केलेल्या प्रबंधात जो सूक्ष्म अभ्यास केला, त्यात पार्कर सुमारे शंभर स्वरवाक्यांचा पुनःपुन्हा उपयोग करीत असे, हे दिसून आले. मौखिक महाकाव्यांच्या गायकांविषयी मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी काढलेला निष्कर्षही याच जातीचा आहे : जो तत्क्षणी रचतो, त्याला तयार घटकांचा साठा जवळ बाळगावाच लागतो. हिंदुस्थानी रागसंगीतातही विलंबित लयीतून द्रुत लयीकडे जाण्याचा क्रम सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्या क्रमालाच कोणी साचेबंदपणा म्हणत नाही. म्हणून साचा आहे किंवा नाही, एवढ्यावर वादाचा निर्णय होत नाही. साच्याच्या आत काय घडते, हाच खरा प्रश्न ठरतो.

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स या तीन वाद्यांच्या समूहावर हा आरोप प्रथमच झाला, असेही नव्हे. अहमद जमाल यांच्या त्रयीचे शिकागो येथील पर्शिंग हॉटेलमध्ये जानेवारी १९५८ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण शंभराहून अधिक आठवडे लोकप्रिय मुद्रिकांच्या यादीत राहिले. त्या यशाबरोबरच, हे मद्यगृहातील मनोरंजनाचे पियानोवादन आहे, असा शेराही काही समीक्षकांनी मारला. उलट माइल्स डेव्हिससारखा श्रेष्ठ वादक जमाल यांच्या मौनाच्या व अवकाशाच्या योजनेपासून उघडपणे शिकत होता. कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट यांची त्रयी १९८३ पासून २०१४ पर्यंत मुख्यतः जुनी लोकप्रिय गीतेच वाजवीत राहिली; आणि वर्षामागून वर्षे त्याच प्रकारच्या मुद्रिका येऊ लागल्यावर तिच्या चाहत्यांतही कंटाळ्याची कुजबुज सुरू झाली. २००० साली लंडनमध्ये आणि २००१ साली टोकियोमध्ये या त्रयीने कोणत्याही गीताचा आधार न घेता मुक्त वादन केले. मात्र त्यानंतर ती पुन्हा आपल्या नेहमीच्या गीतांकडे वळली. यावरून प्रतिष्ठा, लोकप्रियता आणि पुनरुक्तीचा आक्षेप या तीन गोष्टी जॅझच्या इतिहासात वारंवार एकत्र येतात, असे दिसते.

आता प्रस्तुत त्रयीचा इतिहास पाहू जाता असे आढळते, की स्वेन्सन आणि ड्रम्सवादक मॅग्नस ओस्ट्रोम हे वेस्टेरोस या स्वीडिश शहरातील बालमित्र होते. डबल बेस वाजविणारा डॅन बेर्ग्लुंड त्यांस मिळाल्यावर १९९३ मध्ये त्रयी सिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिची पहिली मुद्रिका निघाली. १९९६ साली तिने थेलोनियस मंक याच्या रचनांची स्वतंत्र मुद्रिका प्रसिद्ध केली. यावरून आरंभीच्या काळात अमेरिकन परंपरेशी असलेले नाते तिने श्रद्धेने जपले होते, हे स्पष्ट होते. खरे वळण आले ते १९९९ च्या ‘फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ या मुद्रिकेने. म्यूनिक येथील ‘ॲक्ट’ या संस्थेमार्फत त्रयीचे संगीत स्वीडनबाहेर पोहोचू लागले. त्यानंतर २००२ मध्ये ‘स्ट्रेंज प्लेस फॉर स्नो’, २००३ मध्ये ‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’, २००५ मध्ये ‘व्हायाटिकम’ आणि २००६ मध्ये ‘ट्यूसडे वंडरलँड’ अशा मुद्रिका नियमाने येत गेल्या. मे २००६ मध्ये ‘डाउनबीट’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ही त्रयी झळकली. युरोपीय जॅझसमूहाला हा मान तेव्हा प्रथमच मिळाला.

या त्रयीची शैली कशी घडली होती, हे समजून घेतल्याशिवाय आक्षेपाचे मर्म कळणार नाही. धून, एकेकाचा विस्तार, पुन्हा धून हा जुना क्रम तिने बहुतांशी सोडून दिला. त्याऐवजी पियानोवर एखादा साधा, गुणगुणता येईल असा स्वरसमूह सुरू होई. डाव्या हाताने त्याची आवर्तने चालू राहत. ओस्ट्रोमचे ड्रम्स रॉक आणि विद्युत्-नृत्यसंगीत यांतील तुटक, जलद लयबंधांचा आश्रय घेत. बेर्ग्लुंड गज फिरवून आणि विद्युत्-उपकरणांच्या साहाय्याने डबल बेसमधून गिटारसारखा कर्कश, विदीर्ण नाद काढी. मग आवाज आणि घनता टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन उत्कर्षबिंदू येई आणि अखेरीस सारे निवून आरंभीच्या शांततेत विलीन होई. या जलद रचनांच्या जोडीस प्रार्थनागीतासारख्या संथ रचना असत. रचनांचे कर्तृत्व तिघांच्या नावे एकत्र नोंदविले जाई आणि ध्वनियोजना सांभाळणारा आके लिन्टन हा जणू चौथा सभासद मानला जाई. म्हणजे एकट्या पियानोवादकाच्या कौशल्यापेक्षा समूहाचा एकत्रित नाद येथे प्रधान होता. जुन्या साच्यातून सुटण्यासाठी शोधलेली ही रचना होती, आणि प्रथम ऐकणाऱ्यास ती नवीनच वाटली.

परंतु सुटकेची वाट पुन्हापुन्हा तुडविली म्हणजे तिचाच राजमार्ग होतो. ‘व्हायाटिकम’ आणि ‘ट्यूसडे वंडरलँड’ यांच्या सुमारास आक्षेपकांचे म्हणणे साधारणतः असे होते, की आवर्तन, चढण, स्फोट आणि शमन हा क्रम आता पाठ झाला आहे. बेसचा विदीर्ण नाद कोठे येणार हे अगोदर सांगता येते. मुद्रिकेच्या शेवटी दीर्घ शांततेनंतर लपविलेली रचना वाजणार, हेही ठरलेले आहे. मोठ्या सभागृहांत हजारो श्रोत्यांसमोर वादन करावे लागल्यामुळे सूक्ष्म गोष्टी मागे पडून परिणामकारक गोष्टी पुढे आल्या, असा कार्यकारणसंबंधही ते जोडीत. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे, की ज्याला साचा म्हटले जाते तो या त्रयीचा स्वतःचा आवाज आहे. स्वतःचा आवाज मिळविण्यासाठीच तर जॅझवादक आयुष्य वेचतो. शिवाय या संगीताने जॅझकडे पाठ फिरविलेल्या तरुण श्रोत्यांना परत आणले, आणि ही कामगिरी लहान नव्हे.

उभय पक्षांच्या युक्तिवादात एक घोटाळा सारखा दिसतो. ‘साचेबंद’ या एकाच शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टी सुचविल्या जात होत्या. पहिली, रचनेच्या आराखड्याची पुनरुक्ती. दुसरी, नादवर्णाची पुनरुक्ती. आणि तिसरी, भावपरिणामाची पुनरुक्ती. यांपैकी पहिली गोष्ट वर दाखविल्याप्रमाणे सर्व जॅझला समान आहे, म्हणून ती एकटी दोषास्पद ठरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजेच समूहाची ओळख. ती नष्ट केल्यास समूहच उरत नाही. तिसरी मात्र गंभीर आहे. श्रोत्याच्या मनात कोणती भावना कोणत्या क्षणी उद्दीपित व्हावी हे वादकाला आणि श्रोत्याला दोघांनाही अगोदर माहीत असेल, तर तेथे शोध संपून केवळ विधी उरतो. आक्षेपकांची खरी तक्रार या तिसऱ्या गोष्टीविषयी होती. परंतु पुरावा मात्र ते पहिल्या दोन गोष्टींचा देत. समर्थकही त्या पहिल्या दोन गोष्टींचेच निराकरण करून स्वस्थ बसत.

तिसऱ्या आरोपाची परीक्षा करण्यास एक चांगले साधन उपलब्ध आहे. २२ नोव्हेंबर २००६ रोजी हॅम्बुर्ग येथे झालेल्या जलशाचे ध्वनिमुद्रण २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘ट्यूसडे वंडरलँड’मधील रचनांबरोबर १९९९ ची ‘डेफिनिशन ऑफ अ डॉग’ आणि २००२ ची ‘बिहाइंड द यश्मक’ या जुन्या रचनाही आहेत. मूळ मुद्रिका आणि हा जलसा शेजारी ठेवून ऐकल्यास असे आढळते, की आराखडा तोच असला तरी त्यातील मोकळ्या जागा पुष्कळ रुंदावल्या आहेत. दोन टप्प्यांमधील संक्रमणात, स्वेन्सनच्या एकाकी पियानोवादनात, आणि चढण सुरू होण्यापूर्वीच्या घुटमळीत मूळ मुद्रिकेत नसलेले पुष्कळ काही घडते. उलटपक्षी, उत्कर्षबिंदू येतो तो अपेक्षित ठिकाणीच येतो आणि सभागृह त्याची वाट पाहत असते, हेही नाकारता येत नाही. म्हणजे आक्षेपक शिखराविषयी बरोबर होते आणि समर्थक वाटेविषयी. मुद्रिकेच्या मर्यादित वेळेत वाट आखूड होते आणि शिखर मोठे दिसते, हे एक कारण केवळ मुद्रिकांवरून मत बनविणाऱ्यांनी पुरेसे विचारात घेतले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट कालक्रमाची आहे. हॅम्बुर्गच्या जलशानंतर थोड्याच काळाने, २००७ च्या आरंभी, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना या तिघांनी सिडनी येथील ‘स्टुडिओ ३०१’ मध्ये दोन दिवस पूर्वनियोजित रचनांशिवाय वादन केले. त्यातून निवडलेले भाग ‘ल्यूकोसाइट’ या मुद्रिकेत आले. येथे गुणगुणण्याजोगी धून क्वचितच आहे. दीर्घ, खडबडीत, विद्युत्-नादांनी भरलेले खंड आहेत. आणि चार भागांच्या शीर्षकरचनेत एक भाग तर निव्वळ शांततेचा आहे. ही मुद्रिका प्रसिद्ध झाली सप्टेंबर २००८ मध्ये. तत्पूर्वी १४ जून २००८ रोजी स्टॉकहोमनजीक पाण्याखाली पोहत असता झालेल्या अपघातात स्वेन्सन वयाच्या ४४ व्या वर्षी मरण पावला होता.

यावरून निष्पन्न होते ते असे, की श्रोते ज्या संगीताला साचेबंद म्हणत होते, त्यापलीकडे त्रयी त्याच वेळी पाऊल टाकीत होती. परंतु ते पाऊल श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यास सुमारे दीड वर्ष लागले. मुद्रिकेवरून होणारी चर्चा ही नेहमी कलावंताच्या भूतकाळाविषयीची चर्चा असते. त्याचबरोबर विरुद्ध बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. ‘ल्यूकोसाइट’च्या एका भागास ‘आद मोर्तेम’ असे मृत्युसूचक लॅटिन नाव आहे, म्हणून त्या वादनात मृत्यूची पूर्वसूचना शोधण्याचा मोह अनेकांना झाला. हे संगीत अपघातापूर्वीच वाजविले व सिद्ध केले गेले होते. त्याचा त्या अपघाताशी संबंध जोडणे म्हणजे परिणामावरून हेतू कल्पिणे होय. तसेच त्याच सिडनीच्या वादनातून निवडून २०१२ साली ‘३०१’ या नावाने निघालेल्या दुसऱ्या मुद्रिकेत जुन्या शैलीच्या अधिक जवळचे, धूनप्रधान भागही आढळतात. तेव्हा दोन दिवसांत जुने सर्व टाकले गेले, असे मानण्यासही आधार नाही.

येथे सिडनीच्याच ‘द नेक्स’ या त्रयीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. क्रिस एब्राहम्स, टोनी बक आणि लॉइड स्वॉन्टन यांनी १९८७ मध्ये स्थापिलेल्या या समूहाने आपली पद्धत कधीच लपविली नाही. एकाने काहीतरी सुरू करावे, इतर दोघांनी यावे, आणि अतिशय मंद गतीने बदलत जाणारा एकच खंड बहुधा पाऊण तास ते तासभर चालावा, एवढाच तिचा नियम. १९८९ च्या पहिल्या मुद्रिकेतही जवळजवळ तासाभराचा एकच खंड होता. नियम इतका उघड असल्यामुळे त्याच्या पुनरुक्तीची तक्रार फारशी उरत नाही. कारण त्या नियमात शिखराचे आश्वासन अंतर्भूत नाही. ई. एस. टी.च्या पद्धतीत ते आश्वासन होते. श्रोत्याला जे वचन दिले जाते, तेच पुढे कलावंताला बांधून ठेवते.

तात्पर्य, या वादाचा निकाल एका शब्दात देणे शक्य नाही. परंतु त्याची मांडणी शुद्ध करता येते. त्रयीचा आराखडा १९९९ ते २००२ या काळात सिद्ध झाला, २००६ पर्यंत तो भावपरिणामाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी पूर्वज्ञात झाला, आणि २००७ च्या आरंभी तो मोडण्याचा गंभीर प्रयत्न झाला. त्या प्रयत्नातून नवी शैली उभी राहिली असती, की जॅरेटच्या त्रयीप्रमाणे वादक पुन्हा जुन्या वाटेवर आले असते, हे ठरण्यापूर्वीच एका जीवनाचा अंत झाला. मृत्यूने शैली पूर्ण होत नाही, ती थांबते. आणि थांबलेल्या शैलीस परिपूर्ण ठरविणे हे तिला साचेबंद ठरविण्याइतकेच घाईचे आहे. ज्या चाहत्यांनी कलावंत जिवंत असता त्याच्याकडून अधिकाची अपेक्षा केली, त्यांचा आक्षेप अंशतः चुकीचा असला तरी त्याच्या वादनाला चालू, अपूर्ण कार्य मानणारा होता, एवढे श्रेय त्यांस द्यावयास हवे.