सांध्यातला वायू

आपल्या लोकांनी सांधेदुखीला पूर्वापार ‘वात’ म्हटले. आयुर्वेदातला वात ही निराळी कल्पना आहे. तिची आणि रसायनशास्त्राची गाठ आम्ही घालीत नाही. परंतु सुजलेल्या सांध्यात एक खराखुरा वायू निपजतो, हे आता सिद्ध झाले आहे. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड.

लोधिवलीच्या आसपासच्या कामगारांना हा वायू अगदीच परका नाही. जवळच रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी नायट्रिक आम्ल करीत असे. हे आम्ल करताना अमोनिया जाळला की प्रथम निघतो तो हाच वायू. हवा लागताच त्याचा घशाला झोंबणारा तांबूस धूर होतो. तेथील बहुतेक विभाग बंद करण्याचे सरकारने २०१७ साली ठरविले. असला वायू आपले शरीर स्वतःच बनविते, यावर पूर्वी कोणाचा विश्वास बसला नसता.

खूण मात्र जुनी होती. सुरुंगाच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांचे डोके सोमवारी ठणके, पुढे सवयीने राही आणि रविवारच्या सुटीनंतर पुन्हा ठणके. त्याच द्रव्याने छातीतली कळ थांबते, हे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली दाखविले. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो व रक्तवाहिन्या सैल करतो, हे फेरीद मुराद यांना आढळले ते १९७७ साली! रक्तवाहिनीचे अस्तरही असेच द्रव्य सोडते, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली सिद्ध केले. १९८७ पर्यंत तेही हाच वायू ठरले. १९९८ साली या दोघांना व लुई इग्नारो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेही डायनामाइटच्या पैशातून उभे राहिलेले!

मग सांध्याची पाळी आली. १९९२ साली ब्रिटनमध्ये संधिवाताच्या रोग्यांच्या सांध्यातील द्रव तपासला, तेव्हा या वायूची खूण असलेले नायट्राइट त्यात रक्तापेक्षा अधिक निघाले. रक्तवाहिनीत हा वायू थोडका निघून उपकार करतो. सुजलेल्या सांध्यात पेशी तो सारखा ओतीत राहतात. मग सांधा तापतो, सुजतो, कूर्चेच्या नाशाला हातभार लागतो व वेदना वाहणारे तंतू हळवे होतात. १९९३ साली त्याची उत्पत्ती रोखून उंदरांची सूज उतरविली गेली. पण माणसांच्या झिजलेल्या गुडघ्यांवर दोन वर्षे दिलेल्या अशाच औषधाने झीज मंदावली नाही, हे २०१३ साली जाहीर झाले. म्हणजे गुन्हेगार एकटा नाही. एका गोळीत सारा बंदोबस्त करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध असावे.

गुडघे दुखतात म्हणणाऱ्या हमालाला कामचुकार ठरवितात. भात लावणाऱ्या बाईला ‘वय झाले’ म्हणून परत पाठवितात. पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. तीत प्रौढांपैकी शेकडा सुमारे १८ जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे निघाले. इतकी माणसे सोंग करीत नसतात. दुखणे मोजता येते, सूज तपासता येते. आणि जे मोजता येते ते मागणीपत्रकात मांडता येते. सोमवारच्या डोकेदुखीचे कारण सापडायला शंभर वर्षे लागली, म्हणून ती त्याआधी खोटी नव्हती.